पृथ्वी, मी आणि जिन्याखालचा मीटर

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून पृथ्वी माझी जबाबदारी.

लिहितानाच अंगावर शहारा आला. ही डायरी खास मागवली, रद्दीपासून केलेल्या कागदाची. खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं, आणि सगळ्याभोवती ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. काल संध्याकाळभर फुगे फोडत बसलो. विजेशिवाय दोन तास करमणूक. म्हणजे खरं तर कामाला कालच लागलो.

कारण आमची लेक. लहानपणी किडकिडीत होती म्हणून बारकी. गेल्या वर्षी बँकेतली पक्की नोकरी सोडून हवामान शिकायला लांबच्या शहरात गेली. मी पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालो की हवामान शिकायला कशाला जायला हवं, खिडकी उघडली की कळतं. सगळे हसले. ती नाही हसली. तेव्हापासून फोन मी उचलला की दोनच शब्द येतात. आईला दे. अकरा महिने झाले.

आता तिचा प्रोजेक्ट आहे. तीस घरं, तीस दिवस. प्रत्येक घराने रोज एक छोटीशी सवय बदलायची आणि संध्याकाळी विजेच्या मीटरचा आकडा पाठवायचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर ग्राफ. हे तिने हिला सांगितलं. हिला! मला दाराआडून कळलं. लगेच बाहेर येऊन जाहीर केलं की आपल्या घराचा प्रकल्पप्रमुख मी. ही म्हणाली, बरं.

आपलं घर पहिलं आलं की पोरगी आपणहून म्हणेल, बाबाला दे. बस, एवढंच पाहिजे.

आणि मोजमाप तर माझं राज्य. सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर आहे. दुकानदाराचा काटा दोन ग्रॅमने इकडचा तिकडे झाला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मापात पाप आपण खपवून घेत नाही.

२ सप्टेंबर

मीटर जिन्याखाली आहे, बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या पेट्यांच्या रांगेत. काचेवर धूळ, शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत, आणि फार वाकलं की कंबर धरते. अंदाजे आकडा बारकीला पाठवला. अनुभवी माणसाचा अंदाज म्हणजे मोजमापच. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सुरुवात चांगली आहे.

प्लास्टिकच्या पिशव्या बंद. बारा सुती पिशव्या घेऊन आलो. हिने पलंगाखालची ट्रंक उघडून दाखवली. जुन्या चादरींच्या अठरा निघाल्या. म्हणजे आता तीस झाल्या. तीस दिवस, तीस पिशव्या! याला म्हणतात योग.

३ सप्टेंबर

आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्टला आजपासून रामराम. ऑफिसची बॅग जड म्हणून बॅग लिफ्टने वर पाठवली आणि मी जिन्याने. मी पोहोचेपर्यंत कुणीतरी बटण दाबलं, बॅग खाली. मी खाली, तोवर बॅग वर. असं तीनदा झालं. शेवटी पाचव्या मजल्यावरच्या दंतवैद्याने बॅग हातात आणून दिली. हा गृहस्थ गच्चीत सोलर लावून मिरवतो. बारकीच्या तीस घरांत याचंही घर आहे. वर मला ऐकवतो की लिफ्टमध्ये बॅग असो की माणूस, लिफ्ट तर चाललीच ना. दात काढणाऱ्याने दात काढावेत. मोजमापात तो माझ्या पासंगालाही पुरायचा नाही.

वाचवलेला कार्बन: १.२५० किलो.

४ सप्टेंबर

हीच पद्धत ऑफिसात लावली. बाजारात काटे तपासायला जीपने जाण्याऐवजी चालत गेलो. प्रमाणित वजनांची पेटी काही उचलण्यासारखी नसते, म्हणून ती जीपमध्ये. जीप माझ्यामागून पहिल्या गिअरमध्ये. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, लोकांना वाटतंय तुम्हाला पकडून नेतोय. लोक बघत होते हे खरं. त्यांच्या नजरेत आदर होता.

घामाने शर्ट भिजला. घरी येऊन अंघोळ, दुसरा शर्ट, त्याला इस्त्री. मग एसी सोळावर, फक्त वाळण्यापुरता. वाळता वाळता झोप लागली. दोन तास.

वाचवलेला कार्बन: ३.४०० किलो. एसीचे वजा करायचे की नाही यावर शास्त्रात एकमत नसावं.

६ सप्टेंबर, शनिवार

हिच्या भावाकडे दिवसभरासाठी निघालो. निघताना सुचलं, एकेक बटण कशाला? मेन स्विचच बंद. सहज सुचलेली कल्पना, पण काय कल्पना!

परत आलो तर फ्रीजचं पाणी दारापर्यंत स्वागताला आलं होतं. दूध गेलं, पातेल्यातलं सगळं गेलं. ही काही बोलली नाही. पायपुसणी, चादरी आणि भिजलेला गालिचा वॉशिंग मशिनमध्ये तीन खेपांत धुतला. मी म्हटलं, निदान फ्रीज तरी साफ झाला. तेव्हा मात्र बोलली. ते इथे लिहीत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

सूर्यचूल! खोकं, आरसा, काच आणि काळा रंग. गच्चीत ठेवली, आत चार बटाटे. दर अर्ध्या तासाने बघायला गेलो. गच्ची आठव्या मजल्याच्या वर, म्हणून नाइलाजाने लिफ्ट. अकरा फेऱ्या. चारला ढग आले. बटाटे तेव्हा कोमट आणि जिद्दी होते. उरलेलं काम मायक्रोवेव्हने केलं, पंचवीस मिनिटं. तरी सुरुवात सूर्याने केली, श्रेय त्याचंच.

दंतवैद्य गच्चीत आपल्या सोलरवरची धूळ पुसत होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोनदाच पाहिलं.

९ सप्टेंबर

आज एका किराणा दुकानदाराला धरलं. रिकाम्या डब्याचं वजन वजा न करता माल तोलत होता. विचारलं तर म्हणतो, साहेब, डबा हलका आहे, अंदाजे धरून चालतो. अंदाजे! माझं डोकंच फिरलं. अर्धा तास भर दुकानात झाडला. त्याला म्हटलं, अरे अंदाजे हा शब्द ज्या दिवशी तोंडात आला त्या दिवशी माणूस संपला.

संध्याकाळी कंबर फारच धरली होती. मीटर: अंदाजे.

ही हल्ली रोज सातला खाली जाते, हातात टॉर्च. चालायला जाते म्हणे. पाच मिनिटांत परत. एवढ्याने काय वजन उतरणार! पण बोललो नाही. प्रत्येकाने आपापल्या कुवतीप्रमाणे करावं.

१० सप्टेंबर

गॅलरीत खताची बादली सुरू केली. ओला कचरा रोज तोलून नोंद. पहिल्याच दिवशी १.३०० किलो. दोन माणसांच्या घरात एवढा कचरा होतो हे कळून मी हादरलो, पण मनातून खूशही झालो. जेवढा कचरा, तेवढं खत.

११ सप्टेंबर

बादलीवर चिलटं. गॅलरीत टेबल फॅन लावला, चोवीस तास. चिलटं घरात आली. घरातले सगळे पंखे लावले. चिलटं आता दमली आहेत असं वाटतं.

ऑफिसातली ज्युनिअर बाई विमानाने सुट्टीला चालली आहे. मी तिला विमानाचा कार्बन समजावून सांगितला. तिने विचारलं, सर, तुम्ही कधी विमानात बसला आहात का? त्यावरून डोक्यात प्रकाश पडला. नाही बसलो! म्हणजे केवढी बचत! घरी येऊन दक्षिण ध्रुवाची सहल रद्द केली. तशी ठरली नव्हती, पण रद्द करायला ती ठरलेली असलीच पाहिजे असं कुठे आहे?

वाचवलेला कार्बन: ४,०००.००० किलो. दंतवैद्या, आता बोल.

१३ सप्टेंबर, शनिवार

घरातले सगळे दिवे बदलून एलईडी केले. हे इतकी कमी वीज खातात की बंद करण्यासाठी उठायचे कष्ट परवडत नाहीत. सगळे चालू ठेवले आहेत. घर कसं झगमगतंय! हिने दोनदा बंद केले. मी दोनदा लावले. हिला विज्ञान समजावून सांगावं लागतं.

उद्या सायकल.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी

सायकलवर मी आनंदाने वेडा झालो होतो. उतारावर ओरडलो, पृथ्वी, मी आलो!

आलोच. पृथ्वीवर, सगळाच्या सगळा. घोटा मोडला आहे. प्लास्टर. आठ दिवस पलंगावरून उतरायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काहीही करू नका. हाच तर घोर आहे. मी काही केलं नाही तर ग्राफचं काय होणार?

१६ सप्टेंबर

काही केलं नाही.

हिने गॅलरीतला फॅन बंद केला. बादलीत सुका पाला टाकला, वर झाकण ठेवलं. चिलटं गेली. नशीब एकेकाचं! दिवेही जिथे माणूस तिथेच. मी पलंगावर, म्हणून एकच दिवा. एसीचा रिमोट माझ्या हाताला लागत नाही. मागितला तर ही खिडकी उघडते. वारा येतो हे मान्य.

माझ्याशिवाय प्रकल्पाचं वाटोळं होतंय.

१८ सप्टेंबर

दिवसभर पडून. शर्ट नाही, इस्त्री नाही, ऑफिस नाही. घर एवढं शांत की फ्रीजचं घुरघुरणं ऐकू येतं.

दुपारी फोन वाजला. बारकी. मी झडप घालून उचलला. म्हटलं, हॅलो. ती म्हणाली, आईला दे. मी म्हटलं, पाय मोडलाय. ती म्हणाली, माहितीये, आईला दे. दोनाचे तीन शब्द झाले. ही प्रगतीच.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ते खिडकीचं मी बोलायला नको होतं. पोरगी हॉलच्या दाराशी उभी होती, हातात पाण्याचे ग्लास, आणि मी चार माणसं हसवायला तिला वापरलं. अकरा महिने रोज सकाळी उठून खिडकी उघडतो. इथलं कळतं. ती आहे तिथलं काही कळत नाही. मूर्ख आहे मी.

बाकी तब्येत ठीक.

२० सप्टेंबर

हिने खताच्या नोंदी वाचल्या. विचारलं, अहो, तुम्ही कचरा बादलीसकट तोलत होतात का? रिकामी बादली नऊशे ग्रॅम भरते.

मी डोळे मिटून घेतले. प्लास्टर दुखतंय असं सांगितलं. सव्वीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेली, त्यात तो किराणावालाही होता.

विचारांती असं ठरवलं की बादलीसुद्धा पर्यावरणाचाच भाग आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७

उठलो! आठ दिवसांचं नुकसान आठ दिवसांत भरून काढायचं. आता कसर ठेवायची नाही. काठी टेकत घरभर फिरून सगळे दिवे लावले, म्हणजे कामाला उत्साह येईल.

२३ सप्टेंबर

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली! धूर नाही, आवाज नाही. पायामुळे महिनाभर चालवता येणार नाही. पण तयारीत असावी म्हणून रोज चार्ज करतो. पूर्ण भरली की हेडलाइट लावून ठेवतो, थोडी उतरली की पुन्हा भरतो. बॅटरीला व्यायाम पाहिजे. पार्किंगमध्ये बोर्ड नाही, म्हणून आमच्या खिडकीतून खालपर्यंत वायर सोडली आहे. दंतवैद्य वायरला अडखळला. मी वरून सॉरी म्हटलं, पण हसू आवरेना.

२६ सप्टेंबर

घोट्याला विजेची शेकपट्टी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पृथ्वी वाचवणारा माणूस आधी उभा राहिला पाहिजे.

सूर्यचूल खोलीत आणली, बल्बखाली ठेवली. ढगांची कटकट नाही. बटाटे अजून विचार करतायत.

एकूण वाचवलेला कार्बन: ४,०९१.६५० किलो. दंतवैद्य फार तर तीसवर असेल.

२९ सप्टेंबर

उद्या संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल. तीस घरं एकत्र. बारकी ग्राफ दाखवणार. मी भाषण तयार केलं आहे, सात मिनिटांचं. शेवट असा: माझ्या लेकीने मला खिडकीबाहेर बघायला शिकवलं. हे वाक्य आरशासमोर बारा वेळा म्हटलं. बाराव्या वेळी आवाज फुटला नाही. उद्या फुटेल.

३० सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८

लिहितो. लिहायलाच हवं.

सहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, घरातले सगळे दिवे लावून. पडद्यावर तीस चौकोन. बारकी दिसली. केस कापलेत. बारीक दिसते. तिने एकेक घराचा ग्राफ दाखवला. दंतवैद्याचा हळूहळू उतरत गेलेला, शिस्तीत, दातांच्या रांगेसारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एका हाताने वाजवल्या.

मग आमचा. म्हणाली, हे घर जरा वेगळं आहे. पहिले चौदा दिवस डोंगर. शेवटचे नऊ दिवस त्याहून मोठा डोंगर, तीसही घरांत सगळ्यात उंच. आणि मधे, पंधरा ते एकवीस, खोल दरी. त्या सात दिवसांत या घराने तीसही घरांत सगळ्यात कमी वीज वापरली. दंतवैद्यापेक्षाही कमी!

मी खुर्चीतून अर्धा उठलो. बारकीने विचारलं, त्या सात दिवसांत तुम्ही नेमकं काय केलंत ते सगळ्यांना सांगा.

भाषणाचा कागद हातात होता. त्यात हे नव्हतं.

हिने पडद्याकडे वाकून शांतपणे सांगितलं, हे अंथरुणाला खिळले होते.

तीस घरं हसली. दंतवैद्याचे सगळे दात दिसले. मी म्हणालो की काहीतरी चूक आहे, माझे आकडे वेगळे होते. बारकी म्हणाली, तुझे आकडे नाही घेतले बाबा, आई रोज मीटरचा फोटो पाठवायची.

रोज सातला. टॉर्च घेऊन. आणि मी तिला चालायला गेली समजत होतो.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. दिवा लावला नाही.

अर्ध्या तासाने फोन वाजला. मी उचलला नाही. हिने उचलला. मग दारात येऊन म्हणाली, घ्या, तुमच्यासाठी आहे.

मी म्हटलं, तुझा असेल. ही म्हणाली, नीट ऐका, ती म्हणतेय बाबाला दे.

फोन कानाला लावला. तिकडे बारकी हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, बाबा, बॅग लिफ्टने पाठवलीस? दक्षिण ध्रुवाची सहल रद्द केलीस?

मला काही कळेना. मग कळलं. ही रोज दोन फोटो पाठवत होती. एक मीटरचा, एक या डायरीतल्या पानाचा. तीस दिवस पोरगी तिकडे बसून मीटर आणि बाप दोन्ही वाचत होती. संतापलो असतो, पण ती अजून हसत होती आणि मला तो आवाज थांबायला नको होता.

मग ती थांबली. म्हणाली, अठरा तारखेचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाली, बाबा, इथे आज ढगाळ आहे. सकाळी थोडा वारा होता. दुपारी उकडलं. आता खिडकीतून गार हवा येतेय.

मी म्हटलं, बरं. रडलो. हे कुणीतरी वाचणार आहे हे माहीत असूनही लिहितो.

आम्ही पाऊण तास बोललो. शेवटी तिने मला काम दिलं. एकच. रोज सातला खाली जायचं, मीटर स्वतः वाचायचा, खरा आकडा तिला पाठवायचा. आईला आता सुट्टी. आणि बाकी कशाला म्हणजे कशालाच हात लावायचा नाही. खताला नाही, दिव्यांना नाही, बटाट्यांना तर मुळीच नाही. मी शब्द दिला.

१ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७.४०

(पान उघडणारीला नमस्कार. चहा चांगला झाला होता.)

दिवसभर कशालाही हात लावला नाही. सोपं नाही हे. एकदा पंख्याकडे बघितलं, पण नुसतंच बघितलं.

बरोबर सातला निघालो. पायामुळे लिफ्टने. खाली गेल्यावर कळलं, चष्मा वर राहिला. वर गेलो. चष्मा घेऊन खाली आलो तर टॉर्च वर. पुन्हा वर, पुन्हा खाली. गुडघ्यावर बसलो. रुमालाने काच पुसली. कंबर धरली तरी हटलो नाही. सहाच्या सहा आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, कागदावर उतरवले, पुन्हा पडताळले. एकही अंदाजे नाही. सव्वीस वर्षांत एवढं चोख मोजमाप केलं नसेल.

आणि काय सांगू! कालच्या हिच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर आजचा आकडा कालच्यापेक्षा चाळीसने कमी! पहिल्याच दिवशी! नुसतं काही न केल्याने! तिथेच जिन्याखाली बसून बारकीला आकडा पाठवला.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तरही लगेच आलं. बाबा, मीटर कधी उलटा फिरत नाही. पेटीवर नाव कुणाचं आहे बघ.

टॉर्च मारला. दंतवैद्याचं.

दुसरा मेसेज आला. आईला दे. खाली पोट धरून हसणारे चेहरे होते, सात.

मोजले. नीट, दोनदा. सातच आहेत.